तुमच्या प्रमेयाची दुसरी बाजू

सर,

तुमचं प्रमेय चुकलं आहे. ज्याच्यामुळे बाहेरच्या लोकांना तुमचं नाव माहीत झालं आणि ज्याच्या पायावर माझी पीएच.डी. उभी आहे, तेच. आडवळणानं सांगणं तुम्ही मला शिकवलंच नाही, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागावून रागावून किती रागवाल?

नेरचं तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. मी फुलसावंगीच्या पलीकडच्या बंजारा तांड्यावरून आलेली, घरी गोरबोली बोलणारी, कॉलेजात तोंड उघडायला भिणारी. ही दिवाळीपर्यंत पळून जाईल असंच सगळ्यांना वाटायचं. आणि तुम्ही मला रविवारी घरी बोलावून ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर खडूनं सिद्धता लिहून दाखवताय. काकू परात घेऊन उभ्या. "पुसू का आता तुमचं गणित? मले भाकरी थापाच्या हायेत." तुम्ही दोन्ही हातांनी ओटा अडवलाय, "थांब वं, एक ओळ राह्यली!" ती ओळ म्हणजे, 'याचप्रमाणे दुसरी बाजूही सिद्ध होते.' पहिल्या बाजूसाठी, म्हणजे 'हे असेल तर ते असतं' यासाठी, आख्खा ओटा भरला होता, दुसरीसाठी, म्हणजे त्याच्या उलट दिशेसाठी, एवढंच. मी भीत भीत विचारलं, "सर, हे याचप्रमाणे कसं?" तुम्ही चिडलात. "एकेका विटेले टेकू लावत बसशील त घर कधी बांधशील? पुढं चाल." मी पुढं चालले. त्यावरच प्रबंध लिहिला, नोकरी लागली, तांड्यावर बापानं गूळ वाटला.

यंदा तेच प्रमेय पुढं न्यायला बसले आणि त्या ओळीपाशी गाडी रुतली. दुसरी बाजू काही केल्या होईना. आधी वाटलं, आपलीच अक्कल कमी. मग जाणकाराकडून तपासून घ्यावं म्हटलं, तेव्हा कळलं की आपला विषय किती ओसाड आहे. गणितवाले पुष्कळ, पण प्रत्येकाची गल्ली वेगळी, शेजारच्या गल्लीत काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, पदवी हाती हाये, सर गेले, आता कायले उकरून राह्यल्या?" नागपूरच्या एका मोठ्या प्राध्यापकांनी चहा पाजला, पानं चाळली आणि "हे माझं क्षेत्र नाही" म्हणून हात जोडले. बाकीच्यांनी मेलला उत्तरही दिलं नाही. एका तरुण सहकाऱ्यानं सिद्धता एआयला दाखवली. ते म्हणे, फार सुंदर, अगदी बरोबर! त्याचं काय जाते, ते कोणालेही सुंदर म्हणते. तुम्ही असता तर तुमच्यापुढंच पान टाकलं असतं. आपल्या गल्लीत तुम्ही होता आणि मी, बस.

शेवटी चेन्नईच्या एक निवृत्त प्राध्यापक बाई सापडल्या. एका जुन्या लेखात त्यांनी तुमचं प्रमेय वापरलेलं. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "हे खरं निघावं असं वाटतं की खोटं?" मी म्हटलं, खरं. "मग मनाची तयारी ठेव," म्हणाल्या. काही आठवड्यांनी उत्तर आलं, अर्ध्या पानाचं. एक लहानसं उदाहरण, बी.एस्सी.ची पोर तपासेल इतकं सोपं, आणि त्यात तुमची दुसरी बाजू सरळ खोटी पडते. भेग असती तर बुजवली असती हो, पण तिथं भिंतच नाही. त्यांच्या स्वतःच्या लेखाचाही तेवढा भाग गेला, त्याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. खाली लिहिलं होतं, "तुझी शंका रास्त होती."

दुरुस्तीचं टिपण मी गणिताच्या नियतकालिकाला पाठवलं. तुमचं नाव, माझं नाव, चूक कुठं आहे ते. लपवलं असतं तर उद्या आणखी कोणी त्यावर घर बांधलं असतं. पाठवण्याआधी नेरला जाऊन काकूंना सांगितलं. त्यांना गणित कळत नाही, पण कळायचं ते कळलं. म्हणाल्या, "मेलेल्या माणसाची चूक काढून तुले काय भेटलं वं? ते येनार हायेत का दुरुस्त कराले?" त्या घरातून मी पहिल्यांदाच चहा न घेता निघाले. बसमध्ये फार वाईट वाटत राहिलं, अजून वाटतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. 'काय भेटलं' याचं खरं उत्तर मी काकूंना दिलं नाही. बाईंचा मेल उघडला तेव्हा स्टाफरूममध्ये मी एकटीच होते. तुमचं प्रमेय गेलं, माझा प्रबंध गेला, हे मला लख्ख दिसत होतं. मी रडले, सर, पोटातून रडले. पण ते नंतर. आधी मी टेबलावर हात आपटून मोठ्यानं हसले.