माझ्या गुडघ्यांची बातमी

प्रिय सुतारा,

‘अहो’ म्हणायची सवय सुटून इतकी वर्षं झाली की ते आता जिभेवर येत नाही, आणि तुझं नाव लिहायला हात वळत नाही. म्हणून दुकानात सगळे तुला ज्या नावाने हाक मारायचे, त्याच नावाने सुरुवात केली. माझ्या गुडघ्यांची बातमी तुझ्यापर्यंत पोचली, असं लेकीने सांगितलं. तिच्याकडून पोचली म्हणजे आई आता अंथरुणाला खिळली, अशीच पोचली असणार. राईचा पर्वत करण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तुला हे ठाऊक नसेल, तू घर सोडून गेलास तेव्हा ती चौथीत होती. म्हणून खरं काय झालं ते माझ्याकडूनच ऐक.

आपलं सोफ्या-खुर्च्यांचं दुकान अजून चालू आहे. आपण सुरू केलं तेव्हा लाकूड तुझं आणि कापड माझं, अशी वाटणी होती. तू गेल्यावर सांगाडे बाहेरून करून घ्यायला लागले; फोम, स्प्रिंगा, पट्टे, शिवण सगळं माझ्या अंगावर आलं. माझ्या एकटीच्या नाही म्हणा. तुझी ताई त्याच आठवड्यात आली, तुझ्या रिकाम्या टेबलाकडे एकदा पाहिलं, आणि मशीनवर बसून म्हणाली, “शिलाईला माणूस लागेल ना?” मी वन्संना काही समजावायच्या आत त्यांनी सुई ओवलीसुद्धा होती. त्या अजून तिथेच आहेत. लोकांना वाटतं आम्ही सख्ख्या बहिणी आहोत. आम्ही कुणाचा गैरसमज दूर करत नाही.

आमचा धंदा जमिनीवरचा. सोफा उलटा करायचा, गुडघ्यांवर बसायचं, बैठकीखालचा पट्टा दातओठ खाऊन ताणायचा आणि कडेला खिळे ठोकायचे. असं तीस-पस्तीस वर्षं केल्यावर गुडघे बोलायला लागले. आधी जिन्यावर बोलायचे, मग बसताना, मग उठताना. मी ऐकलंच नाही. शेवटी एका वकिलाच्या दिवाणखान्यात त्यांनी माझी पुरती फजिती केली. खुर्चीखाली खिळा मारायला खाली बसले आणि उठताच येईना. वकिलीणबाई समोर उभ्या. आता काय करावं? खिळे सांडल्याचं सोंग केलं आणि गालिच्यावर हात फिरवत बसले. त्याही बिचाऱ्या वाकून शोधायला लागल्या. मग मी म्हटलं, “बाई, जरा चहा मिळेल का?” त्या आत गेल्या तेव्हा सोफ्याच्या हाताला लोंबकळून कशीबशी उभी राहिले. डोळ्यांतून पाणी आलं ते दुखण्याचं कमी आणि रागाचं जास्त होतं. आयुष्यभर लोकांच्या बसायची सोय केली, आणि माझ्यावर ही वेळ!

डॉक्टरबाई वयाने आपल्या लेकीएवढ्या. एक्स-रेचा फोटो उजेडावर धरून त्यांनी हाडांमधली फट दाखवली. डावीकडे जेमतेम होती, उजवीकडे जवळजवळ नव्हतीच. हाडांच्या टोकांवरची गादी झिजली, म्हणाल्या. मी म्हटलं, “मग नवी बसवा, आम्ही रोज बसवतो.” त्या हसल्या. म्हणाल्या, ती परत उगवत नाही. अगदी टोकाला गेलं तर अख्खा सांधा बदलतात, पण तुमची ती वेळ अजून आलेली नाही. आधी वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा. गोळ्या मी आधीच खात होते आणि त्यांनी पोटाची वाट लावली होती. मग त्यांनी इंजेक्शनाचं नाव काढलं, हायलुरोनिक ॲसिड. ॲसिड म्हटल्याबरोबर मी पाय आखडून घेतला. ॲसिडने आम्ही संडास धुतो, बाई, गुडघा नाही! तेव्हा त्यांनी नीट समजावलं. सांध्यात मुळातच एक दाट, बुळबुळीत द्रव असतो, त्यातलंच हे द्रव्य. झीज झाली की ते पातळ होतं, म्हणून बाहेरून घालून पाहायचं.

मी सरळ विचारलं, “गुण येईल?” त्यांनीही सरळ सांगितलं, “काहींना येतो, काहींना अजिबात येत नाही, आणि कुणाला येईल ते आधी कळत नाही. आला तर काही महिने टिकतो. माझ्या बरोबरीचे कितीतरी डॉक्टर हे देतच नाहीत. झिजलेलं भरून येईल म्हणून कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.” इतकं स्वच्छ बोलणारं माणूस मला फार दिवसांत भेटलं नव्हतं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

लेक मात्र भडकली. फोनवर म्हणाली, “गुण येईल की नाही ते डॉक्टरलाच माहीत नाही, आणि तू सुया टोचून घेणार? आई, दुकान बंद कर आणि माझ्याकडे ये.” तिने एक खोली रिकामी करून ठेवली आहे. खोली छान आहे, मी पाहिली. मोठी खिडकी, मऊ गादी, इमारतीला लिफ्ट. सकाळी उठून बसायचं आणि संध्याकाळपर्यंत बसूनच राहायचं. तिची माया खरी आहे, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण त्या खिडकीत मला बसवून सगळे निर्धास्त होतील, आणि मी मात्र आतून कुजेन. मी तिला म्हटलं, “माझे गुडघे दुखतायत, डोकं नाही.” तिने फोन ठेवला. चार दिवस रुसली, मग व्यायामाला जायची आठवण करायला रोज फोन करायला लागली.

एकेका आठवड्याच्या अंतराने दोन्ही गुडघ्यांत सुया घेतल्या. वन्सं सोबतीला होत्या. “घाबरू नकोस, मी आहे,” असं मला बजावत आत आल्या. डॉक्टरबाईंनी आधी गुडघ्यात साचलेलं पिवळसर पाणी ओढून काढलं, ते पाहिलं आणि तुझी ताई भिंतीला टेकून खाली घसरली. नर्स माझा पाय सोडून त्यांच्याकडे धावली. मी पडल्या पडल्या इतकी हसले की डॉक्टरबाईंना सुई हातात धरून थांबावं लागलं. सुईचं काही वाटत नाही रे. औषध आत जाताना ताण बसतो, भरलेल्या उशीत आणखी कापूस कोंबावा तसा. पहिल्या सुईनंतर गुडघा सुजला, तेव्हा लेकीने “मी सांगत होते” हे वाक्य मनसोक्त वापरून घेतलं. सूज दोन दिवसांत उतरली.

पुढे कितीतरी दिवस काहीच झालं नाही. फसले की काय, असं वाटायला लागलं होतं. मग एका सकाळी धाग्याचं रीळ घरंगळलं, मी ते उचलून आणलं, आणि वन्सं माझ्याकडे बघतच राहिल्या. “काय झालं?” म्हटलं. म्हणाल्या, “तू टेबल धरलं नाहीस.” मला कळलंही नव्हतं! उजवा गुडघा, ज्याची आशा सोडली होती, तोच सुधारला. डावा आहे तसाच कुरकुरतो. श्रेय सुईचं, की मांडीखाली टॉवेल ठेवून निमूट केलेल्या व्यायामाचं, ते देव जाणे. मी पंच नेमायला बसले नाही. सभागृहाच्या खुर्च्यांचं काम आलं होतं ते घेतलं.

ते काम बघायला हवं होतंस. रांगाच्या रांगा, आणि खुर्च्या जमिनीत बोल्टने घट्ट बसवलेल्या, म्हणजे दुकानात आणायची सोय नाही. डॉक्टरबाईंनी गुडघ्यांवर बसायला सक्त मनाई केली होती. मग एक बुटकी फळी करून घेतली, तिला चाकं लावली, वर जाड फोम ठोकला, आणि त्यावर बसून मी रांगेतून रांगेत सरकत गेले. व्यवस्थापक पहिल्या दिवशी म्हणाला, “काकू, तुमच्याच्याने होईल ना?” शेवटच्या दिवशी तो नव्या खुर्चीत बसला तो उठायला तयार नव्हता. मी घरी आले, पायांवर बर्फ ठेवला, आणि जितकी दमले होते तितकीच खूश होते.

आता मुद्द्यावर येते. परवा लेक आली ती तुझा निरोप घेऊन. सांगताना तिची नजर जमिनीवर होती. तू म्हणे आता एकटाच आहेस, आणि मलाही या वयात आधार लागेल, म्हणून परत येऊन राहणार आहेस, झालं गेलं विसरून. वन्संनी मशीन थांबवलं आणि एवढंच म्हणाल्या, “विचारतोय, की सांगतोय?” तू विचारलं नाहीस, तरी उत्तर देते. नाही. हे पत्र त्याचसाठी आहे. एवढं सगळं सविस्तर लिहिलं ते अशासाठी, की मी बरी झाले म्हणून ऐट करते आहे, असं तुला वाटू नये. मी बरी झालेली नाही. हा गुण ओसरणार आहे, आज ना उद्या. ओसरला तर पुन्हा सुया घेईन, नाहीतर सांधा बदलून घेईन, तेही नाही जमलं तर काठी घेईन. पण ज्या दिवशी मला जागचं हलता येणार नाही, त्या दिवशीही उत्तर हेच असेल, तेव्हा ती वाट बघत बसू नकोस. तुला एकटं वाटतं ते मला कळतं. ते कसं असतं हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. लेकीला भेटायला ये, ताईला भेटायला ये, मी अडवणार नाही. दाराशी मी स्वतः चालत येईन, तुला पाणी देईन, चांगल्या खुर्चीत बसवीन, आणि संध्याकाळच्या गाडीने परत पाठवीन.

आता फक्त माझीच,
मी