लिंबाला टांगलेलं लोखंड

साखरा, ता. सेनगाव
शनिवार, १८ मे २०२४

प्रिय शिवशंकर,

दर शनिवारी मी तुला आपल्या वेधशाळेच्या चुंबकीय नोंदींचा गोषवारा ईमेलने पाठवते. या वेळचा वेगळा पाठवला आहे. हे पत्र त्यात धरू नकोस, आणि बर्फातल्या तळावरचे बाकीचे लोक जवळ नसताना वाच. तुझी आई बरी नाही. गेल्या रविवारी ती तुला फोनवर "मी ठणठणीत हाय" म्हणाली, तेव्हा ती नांदेडला दवाखान्याच्या खाटेवर होती. तिच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यात उठणारा विजेचा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचत नाही. नाडी मिनिटाला पस्तीसच्या आसपास असते, कधी त्याहूनही खाली जाते. उपाय एकच आहे, पेसमेकर, आणि तो बसवून घ्यायला ती नाही म्हणते. तुला फोनवर यातलं काही सांगणार नाही, अशी शपथ तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून मला घ्यायला लावली. शपथ फोनवर न सांगण्याची होती. शब्द मी नीट ऐकले होते. पत्राचं ती काही बोलली नव्हती.

क्रमाने सांगते. क्रम सुटला तर मला लिहिता येणार नाही. अक्षय्यतृतीयेला दुपारी तुझ्या बाबांच्या नावाची पाण्याची केळी भरताना ती पडली. मातीची घागर फुटली, पाणी ओसरीभर झालं. शेजारच्या सोजराबाईंना वाटलं, उन्हाची चक्कर आली. त्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला. मी मनगट धरलं आणि ठोका येण्याची वाट पाहत बसले. वाट पाहावी लागली, इथेच मला काय ते कळलं. अब्बांनी पिकअपमधले वखराचे लोखंडी फास तिथेच रस्त्याकडेला उतरवले, गादी टाकली आणि आम्ही निघालो. वाटेत शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "मला लोखंडाच्या गाडीत काहून घातलं?" अब्बा म्हणाले, "भाभी, लाकडाच्या गाडीत गेलो तर नांदेड येईपर्यंत पोळा येईल." ती हसली. मी हसले नाही. तेवढ्या वेळात तिची नाडी मोजायची होती.

त्याच रात्री ते वादळ आलं. सूर्यावर त्या आठवड्यात पृथ्वीच्या पंधरापट रुंदीचा डागांचा समूह होता, हे तुला सांगायला नको. त्यातून एकामागून एक सुटलेले विद्युतभारित वायूचे ढग वाटेत एकमेकांना गाठत इथे येऊन आदळले. शनिवारी सकाळी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून मोबाइलवर साखऱ्याचा आलेख उघडला. क्षेत्राचा आडवा घटक चारशे नॅनोटेस्लाहून जास्त खाली गेला होता, म्हणजे शंभरातला एक भाग. पायाखालच्या पृथ्वीचं चुंबकत्व एका रात्रीत शेकड्याला एक कमी, आणि नांदेडला चहाच्या टपरीवर पोहे नेहमीसारखेच मिळत होते. अशा वादळाची आपण एम.एस्सी.पासून वाट पाहत होतो. लडाखमध्ये आकाश लाल झालं असं नंतर वाचलं. तुझ्या डोक्यावर तर त्या दक्षिण ध्रुवीय अंधारात काय पेटलं असेल. मी तो आलेख पाहत होते आणि मला त्यात फक्त खाली जाणारी एक रेघ दिसत होती. आत खाटेशेजारच्या पडद्यावरही एक रेघ होती.

रविवारी तुझा फोन आला तो चार-पाचदा तुटला. तुझा अर्धा शब्द यायचा, मग खरखर. कारण तुला माहीत आहे आणि मलाही: वादळाने वरच्या वातावरणातला विद्युतभारित थर ढवळला होता, उपग्रहाचा संदेश त्यातून येताना थरथरत होता. मी हे तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि आजूबाजूला पाहिलं. "लोखंडाची खाट," ती म्हणाली. "सलाइनचा दांडा लोखंडाचा. माझ्या अंगाला वायरी. त्याचा आवाज कसा यील मग?" मी म्हणाले, मावशी, हा सूर्याचा परिणाम आहे. "सूर्यदेवाला काय वैर हाय माझ्याशी?" सोमवारी सकाळी तिने उपचार नको असं लिहिलेल्या कागदावर अंगठा दिला आणि आम्ही तिला घरी आणलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा ठोका कधीही थांबू शकतो. कधीही म्हणजे केव्हा, असं मी विचारलं. ते म्हणाले, कधीही.

तू म्हणशील, आईला कुठला एवढा लोखंडाचा धसका. तू मार्चमध्ये गेलास, आणि त्याआधी कित्येक वर्षं अंगणातली ती यंत्राची खोली तुला सवयीची होती. म्हणून तिथलं तिचं वागणं तुला दिसत नाही. मला दिसतं, कारण मी लोखंडाच्या घरातून तिथे जाते. अब्बांच्या वेल्डिंगच्या दुकानावरूनच माझी वाट आहे, ओढणीला लोखंडाचा कीस असतोच. रोज सकाळी खोलीसमोरच्या कडुलिंबाखाली ती मला उभी करते आणि शिंदीच्या केरसुणीने खांद्यापासून टाचेपर्यंत झाडते. "तुमच्या घरचं लोखंड तुझ्या केसातबी घुसून राहिलं, लेकरा." मग माझी किल्ली, तिची किल्ली, विळा, सगळं लिंबाच्या फांदीला सुतळीने टांगायचं. मग आत. लोखंडाने यंत्राचा आकडा हलू नये म्हणून बांधलेली, तांब्याच्या खिळ्यांची, पितळी बिजागऱ्यांची ती खोली ती रोज झाडते, सारवते, आणि यंत्राच्या खांबाला पदर लागू देत नाही. सोजराबाई कुंपणापलीकडून म्हणतात, "मनकर्णे, तुझ्या पोराच्या यंत्राचं सोवळं देवापरीस कडक हाय गं." आणि ती उत्तर देते, "देव बोलत न्हाई, यंत्र लगेच बोलतं." तिच्या एकाही चोळीला हूक नाही, हे तुला माहीत आहे का? सगळ्यांना कापडाच्या नाड्या आहेत. तिने स्वतः उसवून लावल्या आहेत. मी एकदा विचारलं होतं तेव्हा म्हणाली, सवय.

तर पेसमेकर. मी तिच्यापुढे युक्तिवाद केला नाही, मोजमाप केलं. मंगळवारी नांदेडला जाऊन डॉक्टरांकडून रुग्णांना दाखवायला ठेवलेला पेसमेकर एका दिवसासाठी मागून आणला. ते हसले, पण दिला. खोली झाडताना तिची छाती खांबापासून जितक्या अंतरावर येते तितक्या अंतरावर तो लाकडी फळीवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. फळी आणखी जवळ नेली. आलेखावर काही नाही. त्याचं कवच टायटॅनियमचं आहे, आतलं जे काही थोडं आहे ते नेहमीच्या थरथरीत बुडून जातं. हे मी तिला यंत्रासमोर बसवून दाखवलं. तिने सरळ रेघ पाहिली, माझ्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, "आकडा तुझा बराबर असंल, बाई. तू खोटं बोलत न्हाईस. पर पिन लिंबाला टांगता येती. हे कुटं टांगू?"

मी पेसमेकर फळीवरून उचलला. मग ती स्वतःच बोलत राहिली, भिंतीकडे बघून. छातीत लोखंड घेऊन खोलीत जाता येणार नाही. खोलीत गेलं नाही तर सकाळी उठून करायचं काय. शिवा लांब बर्फात बसून तिकडं तेच यंत्र बघतो, मी इकडं तेच झाडते, तेवढंच तर चालू हाय आमचं दोघांचं. मी म्हणाले, तो असता तर त्यानेच तुम्हाला ऑपरेशनच्या टेबलावर झोपवलं असतं. त्यावर ती म्हणाली, "त्यानंच तर न्हाई म्हनलं."

कधी, हे तुला आठवत नसेल. मी तिथे होते म्हणून मला आठवतं. खोली नवीन होती, तू नोंदी घ्यायला लागून थोडेच दिवस झाले होते आणि मुंबईहून दोन साहेब पाहायला आले होते. आई त्यांच्यासाठी चहा घेऊन आत आली. चोळीला सेफ्टी पिन होती. आलेखावर तीन नॅनोटेस्लाची उडी दिसली, साहेबांनी भुवया उंचावल्या, आणि तू म्हणालास, "आई, तू आत येऊच नको. तुझ्यामुळे सगळं बिघडतं." रागावून नाही, घाईत. लगेच पुढच्या आलेखाकडे वळलास. ती चहाचा ट्रे घेऊन उलट्या पावलांनी बाहेर गेली आणि लिंबाखाली उभी राहिली. त्या आठवड्यात तिने सगळे हूक उसवले. त्यानंतर ती रोज आत आली ती तुझ्या त्या वाक्यातून पळवाट काढून: अंगावर लोखंड नसलं की तिच्यामुळे काही बिघडत नाही. आता डॉक्टर ती पळवाट बुजवू पाहत आहेत, आणि ती बुजू देण्याऐवजी ती मरायला तयार आहे. गुरुवारी ती पुन्हा पडली, लिंबाखालीच. किल्ली टांगून झाली होती. सोजराबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे मीच थांबवायला हवं होतं. मी काय काय केलं ते वर लिहिलं आहे. मला आणखी काही येत नाही, शिवशंकर. मला मोजता येतं. मोजून काही होत नाही.

नोव्हेंबरपर्यंत तुला तिथून निघता येणार नाही, हे मला माहीत आहे. ये म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. सेनगावच्या स्टँडवर तू जे विचारलं होतंस, परत आल्यावर दोन्ही घरी आपल्याबद्दल सांगायचं का, त्याचं उत्तर द्यायलाही नाही. ते उत्तर नोव्हेंबरपर्यंत थांबू शकतं. उद्या रविवार आहे, तू फोन करशील, म्हणून लिहिते आहे. तो डागांचा समूह आता सूर्याच्या पलीकडच्या बाजूला आहे, साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा समोर येईल. उद्या लाइन नीट असावी. 'असेल' असं मी लिहीत नाही. आणि मावशीकडे तेवढे दोन आठवडे आहेत, असं मला कोणी सांगितलेलं नाही. म्हणून ती काय म्हणते ते ऐकत बसू नकोस, जेवलीस का विचारू नकोस, टायटॅनियम समजावू नकोस. ती "हॅलो" म्हणाली की लाइन तुटायच्या आत, सगळ्यात आधी, एवढंच बोल: "आई, मी चुकून बोललो होतो. तू जशी असशील तशी आत ये." तेवढं तिच्या कानात गेलं तर सोमवारी डॉक्टरांनी जागा धरून ठेवली आहे आणि अब्बांची पिकअप आजच रिकामी करून दारात लावली आहे. उद्या ती सगळं लोखंड फांदीला टांगून फोन मांडीवर घेऊन लिंबाखाली बसेल. मी शेजारी असेन. माझी बोटं तिच्या मनगटावर असतील, आणि तू काय बोललास ते मला तिथूनच कळेल.

वाट पाहणारी, तुझीच,
आलिया