शेंगोळ्यांपुढचं नाव

कारेगाव, २००४

ती. आत्याबाईंना नमस्कार.

कंपनीच्या कँटीनला नवा कॉम्प्युटर आला. जुन्यातल्या रेसिपी मी त्यात घेतल्या, पण ‘रेसिपी कुणाची’ हा रकाना कोराच आला. जुन्यात तुमच्या शेंगोळ्यांपुढं मी माझंच नाव घातलं होतं. सगळ्यांनी कौतुक केलं, तवा खरं सांगवलंच न्हाई. आता ‘बानूबाई, कासुर्डी’ लिहिलं.

साहेबांनी विचारलं, “या कोण?”

“माझ्या सासूबाई. रेसिपी त्यांचीच हाय. मी खोटं बोलले होते.”

“त्यांना माहीत आहे?”

“न्हाई,” म्हटलं अन् घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं.

पत्र टाकलं तर भावजी तुम्हाला वाचून दाखवतील. माझी चूक तुम्ही दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये. म्हणून टाकत न्हाई. रविवारी मीच येते.

तुमची सून,
पूनम