खुनी बाई पकडली का नाही

आई, काल आपल्या पेणच्या वाचनालयात माझं भाषण झालं. तू गेलीस तेव्हा मी काही लिहीत नव्हते, म्हणून आधी सांगते: मी खुनाच्या कादंबऱ्या लिहिते, लोक त्या वाचतात आणि माझं छान चाललं आहे. रोह्याहून एसटीने गेले. खुर्च्या जवळपास भरलेल्या, आणि पहिल्याच रांगेत आपल्या शेजारच्या काकू, मांडीवर माझी नवी कादंबरी घेऊन. त्यांना बघून मी हातातले कागद उगाच चाळू लागले. कारण त्या कादंबरीत खून करणारी बाई तू आहेस.

नाव, गाव सगळं बदललं आहे म्हणा. आणि तू खून केला नसतास हे मला ठाऊक आहे. पोह्याच्या पापडांच्या ऑर्डरी सोडून तुला तेवढी सवड कधी होती? माझी बाई मुलीच्या वाटेला जाणाऱ्या माणसाला संपवते आणि मग आत येऊन उरलेल्या लाट्या लाटत बसते, कारण त्या सुकतात. हे मात्र तुझंच. नववीत मी पापड वाळत घातलेल्या चादरीखाली रहस्यकथा लपवून वाचत होते. लाटणं उगारून तू ती काढून घेतलीस आणि दुसऱ्या दिवशी परत देताना म्हणालीस, "ह्यातली बाई खून करते नि मळलेलं पीठ तसंच टाकून पळते. अशी कोण बाई करील काय? लिवणाऱ्यानं कधी पीठ मळलेलं नाय." अजूनही खून लिहायला बसले की मी आधी घरात काय शिजतंय ते बघते.

प्रश्न विचारायची वेळ आली तशा काकू उठल्या. माइक नकोच म्हणाल्या. "ती खुनी बाई मला वळखीची वाटते गो." सगळे हसले, मी पाणी प्यायले. ज्या गावात तुझ्या पापडांवाचून लग्नाचं ताट लागत नसे, तिथे मी तुला खुनी ठरवणार, आणि तेही तू बाजू मांडायला नसताना. मला खरोखर लाज वाटली. पण काकूंनी पुढे एवढंच विचारलं, "तिला पकडली कशी नाय?" मी ठेवणीतलं उत्तर दिलं, न्याय कोणता ते वाचकाने ठरवावं. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी काकूंनी मला बाजूला घेतलं. "लाट्यांपाशीच वळखली मी तिला. पकडली असतीस ना, तर बोललीच नसती मी तुझ्याशी." मग घरी नेऊन वालाचं बिरडं वाढलं. मी दोनदा भात घेतला, आणि आम्ही दुपारभर तुझ्याबद्दल बोलत, हसत बसलो.

हा कागद मी कादंबरीच्या खर्ड्यात ठेवून देणार आहे. काकूंनाही सांगितलं नाही ते तुला सांगते. प्रकाशकांना शेवटी अटक हवी होती, म्हणून शेवटचं प्रकरण मी चार वेळा लिहिलं. चारही वेळा पोलीस दारात आले, तू पिठाचे हात पुसत बाहेर आलीस, त्यांना बसा म्हणालीस, आणि माझं पेन तिथेच थांबलं. न्यायबिय काही नव्हतं ग आई. तुला घरातून नेताना मला पुन्हा एकदा बघायचं नव्हतं.