शेजाऱ्याची पिशवी

नागपूर

प्रिय आईस मेघाचा जयभीम.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. नवी खोली हवेशीर आहे, नळाला पाणीही वेळेवर येतं. तू गुडघ्याला तेल लावतेस ना?

सध्या मी मुलांच्या शब्दकोशासाठी इंग्रजी शब्दांचे अर्थ लिहिते. काल ‘नेबर’ आला. अर्थ लिहिला शेजारी, समानार्थी पडोशी. मग वापर दाखवणारं एक वाक्य हवं होतं, तिथे अडले.

बुद्धपौर्णिमेला शेजारच्या कुसुमताईंना खीर दिली होती. माझ्या उघड्या दारातून बाबासाहेबांचा फोटो दिसतो. त्याकडे बघत त्या म्हणाल्या, “उपास आहे नं वं आज,” पण वाटी ठेवून घेतली.

तू नेहमी म्हणतेस, “वाटी रिकामी वापस नाही करावं वं.” त्यांनीही केली नाही. संध्याकाळी वाटी आली, तीत माझीच खीर होती, वर साय धरलेली. खरंच उपास असेल, मीच उगाच मनाला लावून घेते, असं वाटलं. पण वाटी देताना त्यांच्या दुसऱ्या हातात समोरच्या घरचा अर्धा खाल्लेला समोसा होता.

शेवटी मी ‘शेजारी अडचणीला धावून येतो’ असं वाक्य लिहून दिलं. मुलं ते पाठ करतील, याचं वाईट वाटतं.

हे तुला कळवणार नव्हते. पण तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला येताना तू कुहीहून नेहमीसारख्या तांदळाच्या दोन पिशव्या आणशील, एक आपली आणि एक शेजाऱ्यांची. या खेपेला एकच आण.

तुझी,
मेघा