गाळलेला मुक्काम

आई, मागच्या महिन्यात मी इटलीला जाऊन आले. आयसेलिन गावात तू काम करायचीस त्या ट्रॅव्हल एजन्सीत बसून तू जी टूर आखली होतीस, तीच केली. सावकारीतून राज्यापर्यंत पोचलेल्या तिथल्या एका जुन्या घराण्याच्या मागावर जाणारी: डोंगरातलं मूळ गाव, शहरातला राजवाडा, मग एकेक हवेली आणि शेवटी संगमरवरी थडगी. तू स्वतः कधीच गेली नाहीस. काउंटरवर नकाशा पसरून गिऱ्हाइकांना मात्र बजावायचीस, "काकू, जिने फार आहेत हं, बूट चांगले घ्या."

एक हवेली तू टूरमध्ये घेतलीच नव्हतीस. का, म्हणून मी विचारलं होतं. हायस्कूलमध्ये होते तेव्हा. तू ओट्याशी पोळ्या लाटते आहेस. म्हणतेस, "त्या घराण्याच्या लेकीला तिथे नवऱ्याने गळा दाबून मारलं म्हणतात. तेव्हा तिचा भाऊच राज्य करत होता. त्याने जाहीर केलं, ती आजाराने गेली. लोक सुट्टीवर जातात गं, त्यांना हे कशाला ऐकवायचं?" तुझ्या मनगटावर निळा डाग आहे. मी बघतेय हे कळताच तू बाही खाली ओढतेस आणि खेकसतेस, "अभ्यासाला बस."

त्यानंतर दोन वर्षांनी तू बेसमेंटच्या जिन्यावरून पडलीस. पडलीस, असं बाबांनी सांगितलं. मामा अंत्यविधीसाठी शिकागोहून आला. तुझा चेहरा पाहिला आणि बाहेर जाऊन गाडीत बसून राहिला. आत आला तेव्हा डोळे लाल होते. मला एवढंच म्हणाला, "झालं ते झालं, बेटा. बाबांना सांभाळ."

मागच्या महिन्यात मी टॅक्सी करून तू गाळलेल्या त्या हवेलीतही गेले. ती गेली ती खोली लहानच आहे, खिडकीतून द्राक्षमळे दिसतात. गाइड मुलगी सांगत होती, काही अभ्यासकांच्या मते ती खरोखरच आजाराने गेली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एक बाई पटकन म्हणाल्या, "थँक गॉड."

बाबा आता अल्फारेटाला माझ्याकडेच असतात. खूप थकलेत. परत आल्यावर दुसऱ्या सकाळी मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "बाबा, आई पडली होती, की तुम्ही ढकललंत?"

त्यांनी कप उचलला, एक घोट घेऊन खाली ठेवला. मग म्हणाले, "चहा गार झालाय."

आई, मी तो गरम करून आणून दिला.