कुलर कोणत्या खोलीत

बाबा, मागच्या मे महिन्यात आई स्वयंपाकघरात पडली. पोळ्या लाटता लाटता तिला घेरी आली आणि ओट्याच्या कडेवर कपाळ आपटून ती खाली बसली. धाकट्याची बायको अंगणात कपडे वाळत घालत होती, तिनं आवाज ऐकला म्हणून बरं. मी गडचिरोलीहून वडशाला पोचले तोवर आईला सलाईन लागलं होतं आणि ती नर्सला विचारत होती, "मंग घरी कोन रांधून राह्यलं?" डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास आहे, यांना उन्हात जाऊ देऊ नका. मी म्हटलं, ही उन्हात गेलीच नव्हती, ही घरात होती. त्यांनी फक्त गोळ्या लिहून दिल्या. तेव्हापासून माझं डोकं जे फिरलं आहे ते अजून ठिकाणावर आलेलं नाही, आणि ज्यांच्याशी भांडायचं ते तुम्ही, तर तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. म्हणून हे लिहायला बसले.

घर तसंच आहे. पुढे तुमचा फोटो स्टुडिओ, मध्ये दोन खोल्या, आणि सगळ्यात मागे टिनाखाली स्वयंपाकघर, ज्याला एकच खिडकी आहे आणि तीही पश्चिमेला. स्टुडिओत आता धाकटा झेरॉक्सचं दुकान चालवतो, कॉम्प्युटरवर अर्ज टाइप करून देतो, पासपोर्ट फोटो काढतो. फोटो काढल्याबरोबर मशीनमधून बाहेर येतो. तुमची फिल्म धुवायची अंधारी खोली त्यानं मोडली, तिथं आता कागदाचे गठ्ठे असतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यंदा होळीच्या आधीच मी धाकट्याला सांगितलं की या घरात हवा थंड करायची काय ती सोय करू, कुलर म्हण, एसी म्हण, पण ती आईसाठी असेल आणि मी आणून देईन. मला वाटलं होतं, दुकानात जायचं, वस्तू निवडायची, घरी आणायची. एवढं सोपं असतं तर तुमच्या हयातीतच झालं नसतं का?

आपल्या घरी पहिला कुलर आला तेव्हा मी दहावीत होते. दोन हमालांनी तो हातगाडीवरून आणला, कपाटाएवढा, टिनाचा, हिरव्या रंगाचा, आणि तुम्ही तो स्टुडिओच्या खिडकीत बसवला. पाणी सोडल्यावर ओल्या गवताच्या ताट्यांचा वास सगळ्या घरात पसरला. लग्नसराईचे दिवस आहेत. नवरीच्या तोंडावरची पावडर ओघळते म्हणून तुम्ही वैतागलेले असता, वरून त्या मोठाल्या दिव्यांची आग. आता कुलर आला म्हणून तुम्ही खुशीत आहात, गुणगुणत पडदा नीट करता आहात. दुपारी गिऱ्हाईक नाही असं बघून आई सुपात अंबाडीची भाजी घेऊन पुढे येते आणि पडद्याजवळ भिंतीला टेकून निवडायला बसते. तिचे केस ओले आहेत, डोळे मिटलेले आहेत, हात आपोआप चालला आहे. मी तिला एवढं निवांत बसलेलं कधी पाहिलेलं नाही. तेवढ्यात दारात एक जोडपं येतं, सोबत पाच-सहा वऱ्हाडी. तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणता, "आतमधी जा." ती सूप उचलते आणि जाते. तिला राग आलेला नाही. मला आलेला आहे.

त्या संध्याकाळी मी तुमच्या अंधाऱ्या खोलीत आले होते. लाल दिव्यात तुम्ही फिल्म धूत होता, पाणी गार ठेवायला बाजूच्या घमेल्यात बर्फ होता. मी विचारलं, इथल्या मागच्या भिंतीला भोक पाडलं तर आईकडेही थोडी हवा जाईल ना? तुम्ही म्हणालात, "भोक पाडलं तं उजेड येईन." मग तिच्यासाठी एक लहान कुलर घेऊ, मी म्हटलं. तुम्ही हसलात. "फिल्म खराब होते, बाई. माणूस थोडी खराब होते?" तुम्ही चिडून बोलला असता तर मी कदाचित विसरले असते. तुम्ही अगदी प्रेमानं बोललात, समजूत घातल्यासारखं, आणि ओल्या हातानं माझ्या डोक्यावर टपली मारलीत.

फिल्म खराब व्हायची हे मला मान्य आहे. एका लग्नाच्या अख्ख्या रोलचा थर गरम पाण्यानं सुटला होता आणि मुलीचा बाप आपल्या पायरीवर बसून तुम्हाला वाट्टेल ते बोलला होता. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत, नंतर दोन दिवस जेवला नाहीत. तो कुलर चैनीसाठी नव्हता, पोटासाठी होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मग हिवाळ्याचं काय? आपल्याकडे पौषात हात आखडतात. नाटक मंडळ्यांचे कलाकार पोस्टरसाठी फोटो काढून जायचे आणि तुम्ही स्टुडिओ बंद करून सरळ स्वयंपाकघरात यायचात, चुलीसमोरचा पाट ओढून बसायचात. आई एका बाजूला सरकून, वाकून, तुमच्या खांद्यावरून हात घालून भाकरी टाकायची. घरातली सगळ्यात ऊबदार जागा ती होती आणि ती तुमची होती. हिवाळ्यात स्वयंपाकघर तुमचं आणि उन्हाळ्यात तिचं, ही वाटणी कोणी केली होती, बाबा?

आणि तुम्हाला कळत नव्हतं असंही नाही. मी डी.एड.ला चंद्रपूरला निघाले तेव्हा तुम्ही स्टुडिओतला छोटा टेबल फॅन उतरवलात, पुसलात, त्याची वायर गुंडाळून माझ्या पेटीवर बांधून दिलीत. "चंद्रपूरची उन्हाळी बेक्कार असते. पोरीच्या जातीले रात्री बाहेर झोपता येत नाई," म्हणालात. वसतिगृहात त्या पंख्यापुढे मी अभ्यास केला, पास झाले, नोकरीला लागले. तो पंखा आठवला की मला रडू येतं आणि लगेच रागही येतो. माणसाला उकडतं, हे तुम्हाला ठाऊक होतं तर.

तर मी आणि धाकटा बाजारातल्या दुकानात गेलो. दुकानदारानं आम्हाला थंडगार काचेच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, खोली केवढी आहे. मी सांगितलं, स्वयंपाकघरासाठी हवं आहे. तो हसला. "मॅडम, किचनमधी कोनी एसी लावते काय? दार-खिडकी बंद ठेवा लागते. फोडनीचा धूर कुठी जाईन?" मग कुलर दाखवा, म्हटलं. "कुलरनं गॅस विझते. वाफ कोंडून भपकाराही होते." मग काय लावतात लोक? "लोक बेडरूममधी लावतेत, हॉलमधी लावतेत." आणि त्यानं एक नवा एसी दाखवायला घेतला, जो उन्हाळ्यात थंड करतो आणि हिवाळ्यात गरम. "ठंडा भी, गरम भी. एकाच डब्ब्यात दोन्ही सीझन!" मी त्या पांढऱ्या डब्याकडे बघत राहिले. प्रत्येक यंत्र करणाऱ्यानं समोर बसलेला नाहीतर झोपलेला माणूस गृहीत धरला होता. उभं राहून रांधणारं कोणी असतं, हे एकानंही धरलं नव्हतं.

धाकट्याला मात्र तो डबा पसंत पडला होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ताई, दुकानात लावू ना. दुपारी कॉम्प्युटर हँग होते. झेरॉक्स मशीन दोन-दोन तास बंद ठेवा लागते, गिऱ्हाईक परत जाते."

"आणि आई?"

"आई बी येऊन बसन दुकानात. तिले कोन नाई म्हनते?"

"कॉम्प्युटर खराब होतो, माणूस होत नाही, असंच ना?" मी रस्त्यातच ओरडले. तुम्ही मला ते म्हणालात तेव्हा तो लहान होता, त्याला काय कळणार मी कुठलं काय काढते आहे. मग मी त्याला म्हटलं की तू बाबांचाच मुलगा शोभतोस, आणि तो दुखावल्या आवाजात म्हणाला, "मंग बाबांनं काय वाईट केलं होतं?"

मार्च महिना असाच गेला. दर रविवारी मी वडशाला यायची, दर रविवारी भांडण. एसी लावला तर व्होल्टेज पुरत नाही, बल्ब पिवळे पडतात. दुपारी लोडशेडिंग असतं, म्हणजे ऐन उन्हाच्या वेळी एसी भिंतीवर शोभेला. धाकट्याच्या इन्व्हर्टरवर कुलर चालतो, एसी चालत नाही. स्वयंपाकघराबाहेर कुलर ठेवून हवा फक्त आईच्या पाठीवर यावी असं करायचं म्हटलं तर खिडकी पश्चिमेला, कुलरच तापणार. मी वहीच्या पानावर नकाशे काढायची, भिंती फोडायची, खिडक्या हलवायची. गडचिरोलीला माझा नवरा म्हणायला लागला की तू माझ्या सासुरवाडीचं घर पाडून परत बांधशील. आणि एवढं सगळं जिच्यासाठी चाललं होतं ती आई आम्हाला चहा देऊन परत आत जायची.

शेवटी एका रविवारी आमचे आवाज चढले तेव्हा ती पदराला हात पुसत दारात आली. "काऊन भांडून राह्यले तुम्ही? मले कोनी इचारलं काय?"

मी म्हटलं, सांग मग, तुला कुलर हवा की एसी.

"मले सैपाकघरात थंडी हवा नाई पाह्यजे," ती म्हणाली. "किती थंडं केलं तरी ते सैपाकघरच. मले दुपारी तिथी राह्यचंच नाई. मले पुढं बसाचं हाय. लोकं येतेत, कागदं काढतेत, दोन गोष्टी बोलतेत. तिथी बसाचं हाय मले."

खरं सांगते, बाबा, मला तिचा राग आला. इतके आठवडे मी तिच्या स्वयंपाकघरासाठी भांडले आणि तिला हवी होती तीच खोली, जी तुमची होती, जी आता धाकट्याला हवी होती. मी काही बोलणार तेवढ्यात धाकट्याची बायको, जी एवढ्या रविवारांत एक शब्द बोलली नव्हती, हळूच म्हणाली, "ताई, मी बी तिथीच असते ना." मी तिच्याकडे बघितलं. लग्न होऊन ती याच टिनाखाली आली होती, आईच्या शेजारी उभी राहून रोज रांधत होती, आणि माझ्या एकाही नकाशात ती नव्हती. ती पुढे म्हणाली, "सकाळी ऊन चढाच्या आत दोन्ही वेळचं रांधून टाकू. दुपारी गॅस पेटवाचाच नाई."

"मंग दुपारी थंडं जेवाचं काय?" धाकटा म्हणाला.

"इतके दिवस थंडं थंडं म्हनूनच तं बोंबलत होता," आई म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो. तोही हसला, थोड्या उशिरानं.

असं ठरलं. गरम-थंड करणारा डबा दुकानदाराकडेच राहिला. आम्ही मोठा कुलर घेतला आणि तो दुकानाच्या खिडकीत बसवला. वरच्या टाकीतून त्याला नळी जोडून घेतली, नाहीतर बादल्या भरायचं काम कोणाच्या वाट्याला गेलं असतं ते सांगायला नको. स्वयंपाकघराला धूर ओढणारा पंखा बसवला. आई आता सकाळचं आटोपलं की येऊन कुलरच्या अंगानं चटई टाकते. रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या माणसाला त्याच्या बायकोचं माहेर विचारते, आणि ते पोंभुर्ण्याकडचं निघालं की मग विचारू नका, तिची मावशी तिकडे दिली होती. धाकटा कुरकुरतो, गिऱ्हाईक तासभर हलत नाही म्हणतो. ती हलत नाही. मला आनंद व्हायला हवा, आणि होतोही. पण एवढं साधं बोलायला तिला म्हातारपण यावं लागलं, एकदा कपाळ फुटावं लागलं, याची चीड काही जात नाही. तुम्ही असता तर तिनं हे मागितलं असतं का? आणि मागितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? यातलं मला काही कळणार नाही, आणि तेच मला जास्त छळतं.

हे मी धाकट्याच्या दुकानातल्या काळ्या पडलेल्या झेरॉक्सच्या मागच्या बाजूवर लिहिते आहे. कोणाला दाखवणार नाही. आईला तर नाहीच, ती तुमचीच बाजू घेईल.

एक गोष्ट मात्र घरात कोणालाच सांगितलेली नाही. कुलर सुरू झाला त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी बसमधून भाजून निघून वडशाला आले. धाकटा बायकोला घेऊन तिच्या माहेरी गेला होता. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं, आत गार अंधार. आईनं चटईवर सरकून मला जागा केली. पाच मिनिटं पडते म्हणाले. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती, शेजारची जागा रिकामी होती, आणि मागून साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं.

"आई, दुपारी गॅस पेटवायचा नाही ठरलं होतं ना?" मी पडल्या पडल्याच ओरडले.

"तू झोपली होती, मंग उठवलं नाई," आतून आवाज आला. "कोरा पाह्यजे का दुधाचा?"

मी म्हटलं, दुधाचा. आणि कुलरसमोरून उठले नाही.